मुलांना पाठवू नका, स्वतः सभासद व्हा

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींत सध्या एक वाद चालू आहे. मुला-तरुणांसाठी एक निसर्गमंडळ आकाराला येते आहे. रविवारी सकाळी तलावावर पक्षी पाहायचे, पावसाळा सरला की विंध्याच्या उतारावर भटकायचे, थंडीत एखादा मुक्काम करायचा. इथपर्यंत सगळे खूश आहेत. भांडण आहे ते एका अटीवरून. अठरा वर्षांखालच्या मुलाचे नाव घालायचे तर घरातल्या निदान एका मोठ्या माणसाने स्वतः सभासद व्हायचे आणि वर्षातून काही वेळा प्रत्यक्ष यायचे. एका गटाचे म्हणणे असे की आम्ही पैसे भरतो, तुम्ही मुलाला न्या आणि संध्याकाळी आणून सोडा, त्यात आमचे काय काम? दुसरा गट अटीच्या बाजूने आहे, पण कारणे देतो ती ठरलेलीच: मोबाइल सुटेल, व्यक्तिमत्त्व घडेल, आई-बाबा आणि मुले चार तास एकत्र राहतील. मला दोन्हीकडचे बोलणे मुद्दा सोडून चाललेले दिसते. अट बरोबर आहे आणि ती काढता कामा नये, हे माझे मत. मात्र पालकांनी यायचे ते स्वतःच्या मुलावर नजर ठेवायला नाही. दुसऱ्यांच्या मुलांना विचारायला, ऐकायला, मागे-पुढे चालायला मोठी माणसे मिळावीत म्हणून यायचे. हे कारण आजवरच्या चर्चेत एकदाही पुढे आलेले नाही.

आधी मोबाइलचा मुद्दा, कारण तो सगळ्यात जास्त फिरतो. निसर्ग हे मोबाइलवरचे औषध आहे असे एकदा ठरवले की मुलाला तो औषधासारखाच कडू लागणार. पहाटे उठवायचे, फोन काढून घ्यायचा आणि वर ‘बघ, किती छान हवा आहे’ म्हणायचे, यातली शिक्षा मुलांना लगेच कळते. शिवाय आज पक्षी बघायला लागलेला कुठलाही तरुण फोन घेऊनच बाहेर पडतो. मर्लिन ॲपला आवाज ऐकवून पक्षी ताडून बघणे, ई-बर्ड या संकेतस्थळावर पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद टाकणे, काल कोणाला कुठल्या पाणवठ्यावर काय दिसले ते शोधणे, हे सगळे त्याच फोनवर चालते. ज्या साधनाने मूल पक्ष्याच्या जवळ जाते त्यालाच वैरी ठरवून आपण काय मिळवणार? आणि समजा एखाद्या मुलाला मोबाइलचे वेड नाहीच, तर मग त्याला सिरपूरच्या तलावावर जायचे कारण उरत नाही का?

या वादात आपल्याच घरातला दाखला कोणी देत नाही याचे मला नवल वाटते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांतले दोघे मराठी होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. दुसरे डॉक्टर आणि वनस्पतींचे जाणकार. (लादलेल्या लग्नाविरुद्ध कोर्टात उभी राहिलेली रखमाबाई याच सखाराम अर्जुनांच्या घरात वाढली.) सरकारी हुकूम नाही, शाळेचा उपक्रम नाही. हौशी माणसांनी महिन्याला एकदा भेटायचे, सापडलेले, टिपलेले एकमेकांना दाखवायचे, एवढ्या बोलीवर ती संस्था उभी राहिली. पंचवीस वर्षांनी, १९०८ मध्ये, या मंडळाच्या दारात एक पोरका मुलगा आला. छर्‍याच्या खेळण्यातल्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली होती आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामाला, अमिरुद्दीन तय्यबजींना, पक्ष्याचे नाव सांगता येईना. पण मामा सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्याच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला मिलर्ड नावाच्या मानद सचिवाकडे धाडले. हे मिलर्ड पोटापाण्यासाठी मद्याच्या व्यापारात होते. त्यांनी पक्षी ओळखला, कपाटे उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे पुढचे थोर पक्षितज्ज्ञ सालिम अली.

ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते, पण ती एका मुलाच्या कुतूहलाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला त्यात मामा जास्त महत्त्वाचा वाटतो. मामांना उत्तर ठाऊक नव्हते, तरी त्यांचे सभासदत्व कामी आले. ते सभासद नसते तर ‘असेल कुठली तरी चिमणी’ म्हणून विषय संपला असता. आणि मिलर्ड? ते त्या मुलाचे शिक्षक नव्हते, नातेवाईक नव्हते, त्यांना या कामाचे पैसे मिळत नव्हते. मुलाला घडवले ते घरातल्या एका सभासदाने आणि दुसऱ्या एका परक्या सभासदाने मिळून. यातला कुठला भाग पैसे भरून विकत घेता आला असता?

शिबिर आणि मंडळ यांतला फरक इथे आहे. शिबिरात मूल गिऱ्हाईक म्हणून जाते. दोर, तंबू, शेकोटी, प्रमाणपत्र, आणि रविवारी रात्री घर. ते वाईट नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुलांना पहिला डोंगर शिबिरातच दिसला. आमच्या राज्यात वनविभागाची ‘अनुभूति’ शिबिरेही शाळकरी मुलांना एक दिवस जंगलात नेऊन आणतात आणि ज्या मुलाने जंगल पाहिलेलेच नाही त्याच्या दृष्टीने तो दिवस मोठा असतो. पण दुसऱ्या दिवशी सापडलेले पीस घेऊन त्याने कोणाकडे जायचे? शाळेकडे बोट दाखवणाऱ्यांना मी आठवण देईन की पर्यावरण हा विषय सर्व पातळ्यांवर शिकवावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच दिला आणि २००१ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या नावाने शाळाशाळांत इको-क्लब निघाले. काही शिक्षकांनी त्यात जीव ओतून काम केले. तरी बहुतेक ठिकाणी त्याचे काय उरले? पाच जूनची चित्रकला स्पर्धा आणि ‘झाडे लावा’चा फलक. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. चाळीस मुले, एक शिक्षक आणि पस्तीस मिनिटांचा तास, यात तलाव मावत नाही.

आता समोरच्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा. आई-बाप सोबत असले की मूल मोकळे होत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी मुलाला घरच्यांपासून जरा लांब जायचे असते, पडायचे असते, वाट चुकायची असते. तिथेही आई डबा आणि स्वेटर घेऊन मागे उभी राहिली तर भटकंती कसली? हे मला पूर्ण मान्य आहे. इतिहासही याच बाजूने बोलतो. १९०१ मध्ये बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्झ गावी शाळकरी पोरांनी ‘वांडरफोगेल’ ही चळवळ सुरू केली, ती वडीलधाऱ्यांच्या शिस्तीला कंटाळूनच. पाठीवर पिशवी, हातात गिटार, आणि पुढारी कोण तर दोन-चार वर्षांनी मोठा मुलगा. १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचा तळ ठोकला, त्यातून स्काउट उभे राहिले. तिथेही आई-बाप नव्हते. तरुणांच्या भटकंतीचा सगळा आधुनिक इतिहासच घरातून बाहेर पडण्याचा आहे, असे कोणी म्हणाले तर मी नाही म्हणणार नाही.

पण घरातून बाहेर पडायला मिळाले कोणाला? १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउटांचा पहिला मोठा मेळावा भरला तेव्हा काही मुली स्वतःच गणवेश घालून आल्या आणि आम्हालाही घ्या म्हणाल्या. त्यांना मुलांबरोबर घेतले नाहीच. पुढच्या वर्षी गर्ल गाइड्स म्हणून वेगळी चूल मांडून दिली. वांडरफोगेलही सुरुवातीला मुलग्यांचेच होते. आता शंभर वर्षांनंतरच्या इंदूरमध्ये या. सुदामानगरात किंवा लोकमान्यनगरात राहणारा पंधरा वर्षांचा मुलगा ‘मित्रांबरोबर चोरल नदीवर जातो’ म्हणाला तर आई फार तर गाडी हळू चालव म्हणेल. त्याच घरातली मुलगी तेच म्हणाली तर? कोण कोण आहे, कोणाच्या गाडीने, परत किती वाजता, आणि शेवटी ‘कशाला उगाच’. पालकांनी येऊ नये म्हणजे स्वातंत्र्य, हे सूत्र मुलग्याला लागू पडते. मुलीच्या वाट्याला त्याच सूत्राने घर येते. घरातले कोणी सभासद आहे, मंडळातल्या चार बायका ओळखीच्या आहेत, त्यांच्या मुलीही आहेत, एवढ्याने परवानगीचा प्रश्नच उठत नाही. आणि एकदा ती दोन वर्षे जात राहिली की पुढे मुक्कामाला एकटी जायलाही कोणी अडवत नाही. माझ्यापुरते म्हणाल तर ही अट टिकवायला एवढे एकच कारण पुरेसे आहे.

मुलग्यांच्या बाजूनेही बघू. पालक सोबत असण्यातला जाच मुख्यतः आपल्याच पालकाचा असतो. म्हणून अटीला जोडून एक नियम मी सुचवते: बारा वर्षांपुढच्या मुलाने आपल्या घरच्या माणसाच्या तुकडीत चालायचे नाही. तुझे वडील पुढच्या तुकडीत, तू मागच्या. मग बघा काय होते. घरी प्रत्येक प्रश्नाला ‘नंतर’ म्हणणारा बाप दुसऱ्याच्या मुलाशी अर्धा तास बोलतो. घरी हूं की चूं न करणारी मुलगी दुसऱ्याच्या मावशीला पुढे होऊन दुर्बीण नीट लावून देते. एरवी आपल्या मुलांना मोठी माणसे भेटतात ती तीनच प्रकारची: आई-बाप, शिक्षक आणि कोचिंगचे सर. तिघेही त्यांना मोजत असतात. ज्याला त्यांच्या टक्क्यांशी घेणेदेणे नाही असे मोठे माणूस त्यांच्या आयुष्यात उरले आहे कुठे? वाड्यात, चाळीत ते फुकट मिळायचे. फ्लॅटमध्ये ते मुद्दाम जमवावे लागते.

आणि वडीलधाऱ्यांपासून तोडलेल्या तरुणाईचे पुढे काय होऊ शकते, तेही जर्मनीनेच दाखवले. १९३३ मध्ये नाझींची सत्ता आल्यावर वांडरफोगेलच्या परंपरेतले तरुणांचे गट मोडले गेले आणि त्यांची शेकोटी, गाणी, भटकंती सगळे हिटलर यूथने उचलले. भटकंतीमुळे ते घडले असे मी मुळीच म्हणत नाही. पण तरुण आणि डोंगर एकत्र आले की आपोआप चांगलेच घडते, हा भाबडेपणा त्या इतिहासानंतर परवडणारा नाही. मंडळात कोण कोण आहे, कोण कोणाशी बोलते, यावर सगळे असते.

एका आजींचे उदाहरण द्यायलाच हवे, कारण ‘आम्हाला पक्ष्यांतले काही कळत नाही, आम्ही येऊन काय करू’ हे मोठ्यांकडून फार ऐकू येते. श्रावणात सिरपूरच्या बांधावर एका घरच्या आजी नातवाबरोबर आल्या होत्या. मुले पाण्यावरच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी बघण्यात गुंतलेली. त्यात अंडी नर उबवतो आणि पिल्लेही तोच सांभाळतो, हे एका मुलीने वाचून आलेले होते आणि तिने ते मोठ्या तोऱ्यात सांगितले. आजींना दुर्बिणीतून काही दिसेना. त्या खाली बघत होत्या, कारण त्यांच्या नऊवारीच्या काठाला काही तरी चिकटत होते. त्यांनी तो तुरा तोडला आणि शेजारच्या मुलाच्या बोटावरून फिरवला. वरून खाली फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर काट्यांसारखा. ‘हा आघाडा. हरतालिकेच्या पत्रीत लागतो.’ मग त्या मुलांनी विचारायला सुरुवात केली की काटे एकाच दिशेला का, आणि आजींच्या लुगड्याला लागून बी कुठवर जाईल. कमळपक्षी बाजूला राहिला. बीजप्रसाराचा हा धडा पुस्तकात एका ओळीचा आहे. आजींना बीजप्रसार हा शब्द ठाऊक नव्हता आणि मुलांना पत्री म्हणजे काय ते. दोघांना एकमेकांची गरज होती आणि दोघेही तिथे होते, म्हणून ते घडले.

सुरक्षिततेचा प्रश्न मला हलक्यात घ्यायचा नाही. इंदूरभोवतीचे धबधबे दर पावसाळ्यात माणसे घेतात. २०११ च्या जुलैत पातालपाणीला प्रवाहाच्या मधोमध उभी असलेली माणसे बघता बघता वाहून गेली, ते चित्रण देशभर दाखवले गेले आणि आमच्या शहराच्या मनातून ते अजून गेलेले नाही. ‘म्हणून मुलांना पाठवू नये’ असे म्हणणाऱ्या आईची भीती खरी आहे. पण तिथे काय झाले होते? पाणी आले ते वरून, लांबच्या पावसाचे. हा धबधबा ज्या चोरल नदीवर आहे तिचे पाणी कुठून कुठून गोळा होते, डोक्यावर ऊन असताना खाली लोंढा कसा येतो, पाणी गढूळ होऊ लागले की काय समजायचे, हे माणसाला ठाऊक नसते तेव्हा धबधबा घात करतो. न पाठवलेली मुले अठराव्या वर्षी मोटारसायकल घेऊन मित्रांबरोबर तिथेच जातात. तेव्हा सोबत कोणी जाणते नसते आणि घरी कोणाला पत्ताही नसतो. जानापावच्या टेकडीवर उभे राहून एका बाजूचा पाऊस चंबळेतून यमुनेकडे जातो आणि दुसऱ्या बाजूचा चोरलमधून नर्मदेकडे, हे ज्याने पायांनी समजून घेतले आहे तो नदीच्या पात्रात उभा राहण्याआधी वर बघेल. मोठ्यांनाही हे शिकायची तितकीच गरज आहे. दाल-बाफल्याची पिकनिक घेऊन धरणावर जाणारी, पाण्यात उतरणारी आणि पत्रावळी तिथेच टाकून येणारी मंडळी काही शाळकरी नसतात.

वेळ आणि पैसा यांबद्दलचा आक्षेप मात्र मंडळाने निमूटपणे मान्य करून नियम बदलावेत. ज्या घरात आई एकटी कमावते, जिथे रविवारीही दुकान उघडावे लागते, जिथे चारचाकी नाही, तिथे ‘पालकाची उपस्थिती’ हा शब्द दार बंद करतो. म्हणून पालक म्हणू नका, घरचे किंवा शेजारचे कोणीही मोठे माणूस म्हणा. काका, आत्या, निवृत्त शेजारी, थोरली बहीण, कोणीही चालेल. एका माणसाच्या भरवशावर तीन घरची मुले येऊ द्या. वर्गणी वर्षाची आणि थोडी ठेवा, दुर्बिणी मंडळाच्या ठेवा. आणि बहुतेक फेऱ्या शहरातच काढा: सिरपूर, पिपल्यापाला, रालामंडल. सिरपूर आणि यशवंतसागर या दोन्ही जागा २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेल्या, २०२५ मध्ये इंदूरला उदयपूरसोबत पाणथळ शहराचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. एवढे दाराशी असताना पचमढीच्या बसभाड्यासाठी कोणाला मागे राहावे लागू नये.

गर्दीने निसर्गाचेच नुकसान होईल, असेही काही जाणकार म्हणतात. चाळीस माणसांचा कलकलाट सारसाच्या घरट्यापाशी नेला तर होईलच. पण सिरपूर कोणामुळे वाचले? एके काळी कचरा, अतिक्रमणे आणि सांडपाणी यांनी घेरलेला तो तलाव आज उभा आहे, यात भालू मोंढे आणि त्यांच्या नेचर व्हॉलंटियर्स या संस्थेचा वाटा मोठा आहे. ती माणसे वर्षानुवर्षे तिथे जात राहिली, मोजत राहिली, अर्ज करत राहिली. मोंढे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली ती पुढची गोष्ट. जिथे कोणी जात नाही ती पाणथळ एक दिवस नकाशावर रिकामा भूखंड म्हणून दिसू लागते. १४ जुलै २०२४ ला आमच्या शहराने रेवती रेंजच्या टेकडीवर एका दिवसात बारा लाखांहून अधिक रोपे लावून विक्रम केला. हजारो हात लागले, मला त्याचा अभिमान आहे. पण रोपाला मे महिन्यातही माणूस लागतो, आणि पुढच्या मे महिन्यातही. तो विक्रमाच्या गर्दीतून मिळत नाही. दर महिन्याला त्याच टेकडीवर जायची सवय असलेल्या घरांतून मिळतो.

राहिला अभ्यास. नववीत मुलगा भंवरकुव्याच्या कोचिंगला लागला की मंडळातून नाव काढायचे, हे जवळजवळ प्रत्येक घरात ठरल्यासारखे आहे. इथे कुटुंबाचे सभासदत्व सर्वात जास्त उपयोगाचे ठरते. मूल दहावीला किंवा बारावीला असेल त्या वर्षी त्याने वाटल्यास येऊ नये. आई येत राहील, धाकटा भाऊ येत राहील, घरी आल्यावर यशवंतसागरला सारसाची जोडी दिसली म्हणून सांगतील, आणि परीक्षा संपल्यावर त्याला परत यायला जागा असेल. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे: अट ठेवा, ‘पालक’ हा शब्द काढा, घरच्यांना वेगवेगळ्या तुकड्यांत चालवा, आणि परीक्षेच्या वर्षी कोणाचेही नाव कमी करू नका.